छपन्नाचा दुष्काळ आणि वऱ्हाड

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. अकोला-अमरावतीकडची जमीन काळी, खोल, ओल धरून ठेवणारी. तेव्हा इतर मुलखात दुष्काळ पडला तरी वऱ्हाडाला त्याची झळ लागावयाची नाही, अशी लोकांची आणि सरकारचीही समजूत होती. १८०३-०४ साली लढायांच्या धामधुमीत येथे माणसे अन्नावाचून मेली होती. पण ती आठवण पुसट झालेली. या समजुतीला ज्या वर्षाने जबर धक्का दिला, त्या १८९९-१९०० सालची हकीकत आज सांगावयाची आहे. व्यापाऱ्यांच्या वह्यांत तेव्हा संवत १९५६ चालू होते. म्हणून हा ‘छपन्नाचा दुष्काळ’.

त्या वर्षी हवामान खात्याचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. तो साफ चुकला. देशभराचा हिशेब केला तर पाऊस सरासरीहून सुमारे चौथ्या हिश्शाने कमी पडला. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात तूट याहूनही मोठी होती. याचे एक कारण आज आपल्याला माहीत आहे. दूर पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा तापले, म्हणजे आपला पाऊस पुष्कळदा हात आखडतो. यालाच ‘एल निनो’ म्हणतात, आणि १८९९ हे तसेच वर्ष होते. पण त्या वेळच्या शेतकऱ्याला एवढेच ठाऊक, की पाणी आलं नाही. जवारी वाळली, पऱ्हाटी खुरटली, कडबा नाही म्हणून ढोरं मेली.

आता कोणी विचारील, की एक पाऊस चुकला तर एवढा अनर्थ का व्हावा? त्याचे उत्तर आभाळात सापडत नाही. ते जमिनीवर शोधावे लागते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ साली बडनेऱ्यावरून आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. पूर्वी जवारीखाली असलेल्या वावरांत कापूस दिसू लागला. पूर्वी गावोगाव पेवे असत; चांगल्या सालची जवारी त्यांत पुरून ठेवायची आणि वाईट साली काढायची, असा रिवाज. आता धान्याची नगद होऊ लागली, सावकाराचे देणे आणि सरकारचा सारा नगदीत भागवायचा, म्हणून पेवे रिकामी होत गेली. ज्याला जमीनच नाही, अशा मजुराची तर सगळी भिस्त वेचणी-निंदणीच्या मजुरीवर. पीक गेले की मजुरी गेली, आणि मजुरी गेली की बाजारात धान्य असूनही घरात चूल नाही.

बाजारात धान्य होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळांचा अभ्यास करणारे इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी दाखवले आहे, की याच दुष्काळी वर्षात वऱ्हाडातून कापसाच्या गाठी तर गेल्याच, पण सुमारे साडेसात लाख बुशेल, म्हणजे अजमासे वीस हजार टन, धान्यही बाहेर गेले. जी आगगाडी धान्य आणू शकत होती, तीच ते घेऊन गेली. कारण माल जातो तो भुकेकडे नव्हे, पैशाकडे.

सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि तलावांची कामे काढली. पण कर्झनसाहेबांच्या सरकारचा कटाक्ष खर्च आवरण्याकडे होता. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढायची, ती सुमारे दीड लाखाने घटली.

त्याच १९०० साली अमेरिकेतल्या लोकांनी वर्गणी करून ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून हिंदुस्थानातल्या दुष्काळग्रस्तांसाठी मका पाठवला. आणि त्याच साली, ८ सप्टेंबरला, खुद्द अमेरिकेतले गॅल्व्हेस्टन हे कापसाचे मोठे बंदर चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले; निदान सहा हजार माणसे एका रात्रीत गेली. तिथल्या लोकांनी पुढे समुद्राला भिंत घातली आणि शहराची जमीन उंच केली. वादळ दिसते, ऐकू येते, म्हणून त्याच्यापुढे भिंत घालावी हे लगेच सुचते. अवर्षण मात्र आवाज न करता घरात शिरते. त्याला भिंत कशाची घालायची?

याचे उत्तर महाराष्ट्राला पुढे सापडले. १९७२ साली पुन्हा मोठे अवर्षण आले. हाल पुष्कळ झाले, पण छपन्नासारखी माणसे मेली नाहीत. कारण लाखो हातांना काम आणि त्या कामाची मजुरी मिळाली. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. पण पाऊस न पडलेल्या वर्षी मजुराच्या घरची चूल पेटती ठेवणे हाती आहे. वऱ्हाडाने हे फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. ते विसरणे परवडणार नाही.