बहामनी काळांतील रोजा व शीलशिक्षण : निकितिनची साक्ष

रमजानच्या महिन्यांत मदरशांतून शीलाचें शिक्षण कसें दिलें जाई, याचा शोध घेणारा प्रथम पाठ्यग्रंथांकडे वळतो. परंतु हिंदुस्थानांत रूढ असलेल्या निजामी पाठक्रमाचें वर्ष शव्वालांत सुरू होऊन शाबानांत संपतें. रमजानांत पोथ्या बहुधा मिटलेल्याच. हा पाठक्रम अठराव्या शतकांतला खरा. तथापि या महिन्याचा धडा पोथीबाहेर घेतला जाई याची जुनी साक्ष आहे, व तिचा आरंभ आमच्याच प्रांतीं होतो.

शिनोलीहून एका मजलेवरील जुन्नर इ. स. १४७० च्या मागेंपुढें बहामनी सरदार असदखानाच्या ताब्यांत होतें. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हुर्मुझहून आणलेला घोडा घेऊन चौलमार्गें तेथें आला व पावसाळा तेथेंच राहिला. खानानें घोडा हिरावला. धर्म बदलल्यास घोडा व वर एक सहस्र सुवर्णनाणीं देतों, न बदलल्यास दंड घेतों, असें सांगून चार दिवसांची मुदत दिली. निकितिन बधला नाहीं. त्याला सोडविलें तें एका मुसलमानानेंच : खोजा महंमद खोरासानीनें रदबदली केली आणि घोडा परत मिळाला.

त्याचीं धर्मपुस्तकें पूर्वींच वाटेवरील लुटींत गेलीं होतीं. त्यामुळें ईस्टरचा दिवस काढतां येईना. पुढें बीदर-गुलबर्गा प्रांतीं त्यानें मुसलमानांबरोबरच महिनाभर उपवास धरला. मांस वर्ज्य, दिवसांतून दोन वेळां भाकरी व पाणी. यावरून त्यानें धर्म सोडला असें ठरवूं नये, कारण त्याचा स्वतःचा उपवासकालही वसंतांतच येई. पण खानाच्या धाकानें जें झालें नाहीं तें शेजाऱ्यांच्या आचरणानें झालें, एवढें निश्चित. त्याच्या वृत्तांतांत फारसी, तुर्की व अरबी शब्दांच्या प्रार्थना रशियन लिपींत उतरल्या आहेत. (अशीं संमिश्र पानें अशुद्ध म्हणून टाकूं नयेत, ही संग्राहकांस विनंती.)

त्याच सुमारास बीदरचा वजीर महमूद गावान होता. त्याचा मदरसा १४७२ त पुरा झाला. तेथें तीन सहस्र ग्रंथ होते असें म्हणतात. परंतु विद्यार्थ्यांपुढें ग्रंथांखेरीज संस्थापकाचा आचारही होता : मातीच्या भांड्यांतलें अन्न, चटईवर निद्रा, उत्पन्नाचा मोठा भाग दानधर्मांत, असें फेरिस्ता लिहितो. १४८१ त एका बनावट पत्रावरून सुलतानानें त्याचा शिरच्छेद करविला. मागाहून खजिना तपासला, तेव्हां अपेक्षित द्रव्य कोठेंच आढळलें नाहीं.