बंदुकीचे जुनेर

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते. थ्री नॉट थ्री त्यांनी वर्षानुवर्षे खांद्यावर वागवली. सुटून चंद्रपूरकडे गावी आले आणि रानडुकरे धान खातात म्हणून बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. मालगुजाराच्या घरी मात्र दोन बंदुका होत्या.

फौजांनी मोडीत काढलेल्या रायफली जमवायच्या आणि चालवायच्या, असा छंद अमेरिकेत मोठा आहे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात घडलेल्या ली-एनफिल्डही तिकडे गेल्या. त्यांवरचे शिक्के आणि साल संग्राहक प्रेमाने वाचतात. वाचोत. पण ही बंदूक इथे कुणाच्या हाती होती आणि कुणाच्या नाही, हे आपणच वाचायला हवे.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्याच सुमारास इंग्रजांनी देशी शिपायांच्या एनफिल्डच्या नळीतले आटे काढून टाकले. आटे गेले की नेम गेला. शिपाई हवा होता, पण त्याची गोळी लांब जायला नको होती! पुढे गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी पलटणींकडे स्नायडर होती. गोऱ्यांना ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी खाली उतरली. वाड्यातले जुनेर गावकुसाबाहेर कसे येते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाचे हात बांधले. युरोपियनांना त्यातून सूट होती. १८९२ मध्ये महारांची फौजभरतीच बंद झाली. १९१७ मध्ये माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. पुन्हा युद्ध आले तेव्हा १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट निघाली. गरज सरली की माणूसही मोडीत, हाच हिशेब.

पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ली-एनफिल्डची चारशेदहा बोअरची मस्केट केली: नळी गुळगुळीत, मॅगझीन बंद, एका वेळी एकच काडतूस. नागरिकांसाठी तीनशेपंधरा बोअर, म्हणजे फौजी काडतूस तिच्यात बसू नये. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, पण थ्री नॉट थ्री नागरिकाला निषिद्धच राहिली.

पोलिसांकडे मात्र ती फार टिकली. २००८ च्या मुंबई हल्ल्यात रेल्वे पोलिसांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० मध्ये निरोप दिला. आमच्या भागात तिचा प्रवास आणखी वेगळा. भद्रावतीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, आणि त्याच्या पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात माडिया-गोंडांच्या झोपडीत शिकारीची ठासणीची भरमार. नक्षलवाद्यांकडे पोलिसांच्या लुटलेल्या थ्री नॉट थ्री सापडल्या, भरमारही सापडल्या. मग ज्याच्या घरात भरमार, तो संशयित. अलीकडे त्या जमा करण्याची आवाहने झाली, गावकऱ्यांनी जमाही केल्या. डुकरे मात्र धान खातातच.

कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात मी थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या. खांदा सुजवून घरी आलो. नेम कुठे लागला, हे आजोबांनी विचारले नाही.

"शिक्का कोणत्या सालचा होता रे?"

मी पाहिलाच नव्हता.