तळटीप : डार्करूममधला लाल दिवा

* लाल दिवा : बारामती-इंदापूरच्या स्टुडिओंत कृष्णधवल फोटो हाताने धुतले जात, तेव्हाच्या डार्करूममधला हा दिवा. ब्रोमाइड कागदाला निळा-हिरवा उजेड लगेच लागतो, लाल जवळजवळ लागत नाही. म्हणून प्रिंट उमटताना डोळ्यांनी पाहता येते. पॅनक्रोमॅटिक फिल्मला मात्र लालही चालत नाही, ती मिट्ट काळोखातच धुवायची. घरी डार्करूम करणाऱ्याने लाल रंग फासलेल्या झिरोच्या बल्बवर विसंबू नये. रंगाचा टवका उडाला की पांढरा उजेड झिरपतो. दिवा तपासायला कोऱ्या ब्रोमाइड कागदावर रुपयाचे नाणे ठेवून तो ५ मिनिटे त्या दिव्याखाली ठेवावा, मग डेव्हलपरमध्ये घालावा. नाण्याचा पांढरा गोल उमटला, तर दिवा लांब न्यावा, नाहीतर सरळ बदलावा.