क्योटोचा हुकमाचा एक्का: रशियाने होकार का दिला?



हवामान बदलाचा करार म्हटलं की मोठी सभागृहं, भाषणं आणि पृथ्वी वाचवण्याच्या शपथा आठवतात. पण करारात सामील होण्याआधी एखादा देश घरी बसून कोणता हिशेब मांडतो, याबद्दल फारसं बोललं जात नाही. आज तो हिशेब एका उदाहरणातून पाहू. देश रशिया, वर्ष २००४ आणि करार क्योटोचा.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधल्या क्योटो शहरात हा करार मंजूर झाला. औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात हरितगृह वायूंचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी ५ टक्क्यांनी कमी करायचं, असं ठरलं. भारत, चीन यांसारख्या विकसनशील देशांवर असं बंधन नव्हतं. करार अमलात येण्यासाठी दोन अटी होत्या. किमान ५५ देशांनी त्याला रीतसर मान्यता द्यायची, आणि १९९० मध्ये औद्योगिक देशांनी मिळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यातला किमान ५५ टक्के वाटा या मान्यता देणाऱ्यांचा असायचा.

पहिली अट २००२ मध्येच पूर्ण झाली. घोडं अडलं ते दुसऱ्या अटीवर. अमेरिकेचा वाटा होता ३६.१ टक्के, आणि मार्च २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी करारातून अंग काढून घेतलं. उरले ६३.९ टक्के. त्यात रशियाचे १७.४ टक्के. म्हणजे रशियाही बाहेर राहिला, तर बाकी सगळ्यांनी मान्यता देऊनही बेरीज ४६.५ च्या पुढे जात नव्हती. हुकमाचा एक्का मॉस्कोच्या हातात आला होता.

आता रशियाच्या बाजूने पाहू. रशियाला उत्सर्जन कमी करायचंच नव्हतं. १९९० च्या पातळीवर ठेवलं तरी पुरे होतं. आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडले, उत्पादन घसरलं, त्यामुळे उत्सर्जन आपोआपच १९९० च्या सुमारे एक तृतीयांश खाली आलं. क्योटोच्या नियमांनुसार हा न वापरलेला कोटा दुसऱ्या देशांना विकता येत होता. टीकाकार त्याला ‘हॉट एअर’, म्हणजे गरम हवा म्हणत. काही न करता पैसे मिळण्याची सोय होती ती.

पण या मालाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक ठरणार होती अमेरिका. ती गेली आणि भाव मिळण्याची आशा मावळली. गंमत पाहा. अमेरिकेच्या माघारीमुळे करारातला रशियाचा फायदा घटला आणि त्याच माघारीमुळे रशियाची किंमत वाढली. विकायला हवा उरली नव्हती, तर होकार होता.

रशियाने तो सावकाश विकला. २००१ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशच्या परिषदेत जंगलांनी शोषलेल्या कार्बनचं श्रेय वाटण्यात आलं. तिथे रशियाने आपली मर्यादा वर्षाला सुमारे १७० लाख टनांवरून ३३० लाख टनांवर नेऊन घेतली. सप्टेंबर २००३ मध्ये मॉस्कोत जागतिक हवामान परिषद भरली. तिथे होकाराची घोषणा होईल अशी अनेकांना आशा होती. व्लादिमिर पुतिन यांनी घोषणा केली नाही. तापमान दोन-तीन अंशांनी वाढलं तर फरच्या कोटांवरचा खर्च वाचेल, असा विनोद मात्र केला. त्यांचे आर्थिक सल्लागार आंद्रेई इलारिओनोव्ह तर क्योटोची तुलना गुलागशी करत होते.

अडला हरी होता युरोपीय संघ. त्याने करारासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती. रशियाला हवं होतं जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्व, आणि त्यात युरोपची अट आडवी येत होती: रशियाने देशातल्या उद्योगांना मिळणारा स्वस्त नैसर्गिक वायू महाग करावा. २१ मे २००४ रोजी दोघांमध्ये व्यापाराचा समझोता झाला. रशियाने वायूचे दर टप्प्याटप्प्याने वाढवायचे, युरोपने सदस्यत्वाला पाठिंबा द्यायचा. त्याच दिवशी पुतिन यांनी क्योटोला मान्यता देण्याची प्रक्रिया वेगाने पुढे नेऊ, असं जाहीर केलं.

२२ ऑक्टोबरला रशियाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे ड्यूमात, ३३४ विरुद्ध ७३ मतांनी मान्यता मिळाली. १६ फेब्रुवारी २००५ रोजी क्योटो करार अमलात आला.

लगेच नाकं मुरडायचं कारण नाही. आपणही हिशेब मांडला होताच. भारत ऑगस्ट २००२ मध्ये करारात आला. आपल्यावर उत्सर्जन घटवण्याचं बंधन नव्हतं, उलट स्वच्छ विकास यंत्रणेतून भारतीय प्रकल्पांना कार्बन क्रेडिट विकता येणार होती. पुढे अशा प्रकल्पांच्या संख्येत चीनपाठोपाठ भारताचा क्रमांक लागला.

खरा प्रश्न पुढचा आहे. आमिषाने मिळवलेला होकार टिकतो का? रशियाला व्यापार संघटनेचं सदस्यत्व ऑगस्ट २०१२ मध्ये मिळालं. त्याच वर्षाअखेर दोहा इथे क्योटोचा दुसरा टप्पा ठरला, तेव्हा रशियाने नवं बंधन घ्यायला नकार दिला. सदस्यत्व मिळालं म्हणून तो बाहेर पडला, असं म्हणता येणार नाही; त्याने आपली नाखुशी २०१० मध्येच कळवली होती. पण व्यापारातल्या सवलतीने पहिला होकार मिळवून दिला, दुसरा नाही. देशात उत्सर्जन कमी करण्यात रशियाचा स्वतःचा फायदा उभाच राहिला नव्हता.

२०१५ च्या पॅरिस करारात ५५ देश आणि ५५ टक्के हे आकडे तसेच राहिले, पण टक्केवारी सगळ्या जगाच्या उत्सर्जनावर मोजली गेली आणि लक्ष्य ज्याचं त्याने ठरवायचं, असं ठरलं. त्यामुळे कोणा एकाच्या हाती हुकमाचा एक्का राहिला नाही. करार वर्षभराच्या आतच, ४ नोव्हेंबर २०१६ रोजी अमलात आला. मात्र लक्ष्य गाठलं नाही तर दंड नाही, ही त्याची किंमत.

म्हणून यापुढे एखाद्या देशाने करार स्वीकारल्याची बातमी आली, की दोन गोष्टी विचारा. त्याला होकाराबद्दल काय मिळालं? आणि करार पाळल्याबद्दल काय मिळणार आहे? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा सापडतं. पृथ्वीचं तापमान मात्र दुसऱ्याच्या उत्तरावर ठरणार आहे.