माठापासून माऊसपर्यंत : सामाईक साधनांवरचा हक्क आणि नियमांचा इतिहास

विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संगणक कक्षाबाहेर नियमांचा एक कागद डकवलेला असतो. ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, वहीत सही करा, चप्पल बाहेर काढा, पेन ड्राइव्ह लावू नका, वैयक्तिक काम करू नका, वेळ संपली की उठा. आपण तो कागद वाचून आत जातो. आमचं म्हणणं असं आहे की तो कागद इतिहास म्हणून वाचायला शिकलं पाहिजे. सामाईक वस्तूला कोणी, कधी आणि कोणाच्या परवानगीने हात लावायचा, या एकाच प्रश्नाभोवती या देशात जातीचं राजकारण शतकानुशतकं फिरलेलं आहे.

बाबासाहेबांचं विद्यार्थीजीवन आठवा. साताऱ्याच्या शाळेत नळ होता, पाणी होतं आणि तहानही सगळ्यांची सारखीच होती. पण भीमरावाने नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई जागेवर नसला तर मुलगा तहानलेलाच. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तेव्हा वर्गात गलका उठला, कारण फळ्यामागे सवर्ण मुलांचे डबे ठेवलेले होते. डबे हलवल्यावरच खडू हातात घेता आला. 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठाला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. नळ, फळा आणि माठ, तिन्ही वस्तू संस्थेच्या. कोणाच्या घरच्या नव्हत्या. तरी त्यांची मालकी मनात कोणाकडे होती ते स्पष्ट दिसतं.

आता कायद्याकडे या. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत आपलं तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर तळं उघडं झालं होतं. पण पाणी प्यायला कोणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा कुठे त्या कागदाला अर्थ आला. आणि सवर्णांच्या दबावाने नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागेही घेतला! पुढे कोर्टकचेरी, उच्च न्यायालयाचा निकाल थेट 1937 मध्ये. एका तळ्यासाठी दहा वर्षं. संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या उपकलमात सरकारी पैशाने चालणाऱ्या सार्वजनिक जागांचा जो उल्लेख आहे, त्यामागे ही दहा वर्षं आहेत. आमच्या मते सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या संगणक कक्षाचा विचारही याच रांगेत करायला हवा.

सोलापूरच्या मित्रांना आपल्याच शहराचं एक पान मुद्दाम सांगावंसं वाटतं. बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 मध्ये स्थापन झाली आणि 4 जानेवारी 1925 रोजी सभेने हायस्कूलच्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं ते सोलापुरात. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं सभेकडून. सोलापूर नगरपालिका त्याला महिना 40 रुपये अनुदान देत होती. त्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही चालवलं. या छोट्या गोष्टीचं मोल मोठं आहे. वह्या आणि कागद हाताशी आले तेव्हा मुलांनी स्वतःचा मजकूर तयार केला. साधन मिळालं की माणूस फक्त वाचत नाही, लिहू लागतो. आज संगणकासमोर बसलेली आपली किती पोरं लिहितात आणि किती नुसती रील बघतात, हा प्रश्न आम्ही आपल्याच लोकांना विचारतो आहोत.

याच सोलापुरात दुसराही इतिहास आहे. 'सेटलमेंट' हा शब्द इथे आजही पत्त्यात येतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं जाई आणि त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. पण म्हणून, दारातल्या वहीत नाव, वेळ आणि सही घेणं ही गोष्ट भटक्या-विमुक्तांच्या मुलासाठी निव्वळ कारकुनी नसते. वही असावी, हरकत नाही. तिचा उपयोग यंत्राचा हिशेब ठेवायला होतो की कोणावर डोळा ठेवायला, हे मात्र विचारावं.

आम्ही नियमांच्या विरोधात आहोत असं कोणी समजू नये. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बाबासाहेब तासन्‌तास बसत, तिथेही नियम होतेच. वाचकाचं तिकीट लागे, शांतता पाळावी लागे, वेळ संपली की उठावं लागे. पण तिकीट दाखवलं की जात कोणी विचारत नव्हतं. नियम सगळ्यांवर सारखा पडतो का, एवढीच आमची कसोटी.

सारखा दिसणारा नियम सारखा पडतोच असंही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीनुसार (2017-18) देशात 10.7 टक्के घरांतच संगणक होता, ग्रामीण भागात तर 4.4 टक्के. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला कक्ष पाच वाजता बंद झाला काय आणि सात वाजता झाला काय, सारखंच. सोलापूर विद्यापीठ शहराबाहेर केगावला, आणि मुलं येणार मंगळवेढा, सांगोला, करमाळा, अक्कलकोटहून. तासिका संपतात आणि कक्षाला कुलूप लागतं, अशी वेळ असेल तर त्या मुलासाठी कक्ष नसल्यातच जमा. किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर, म्हणजे पुन्हा साताऱ्याचा नळ! 'वैयक्तिक काम नको' या नियमाचंही तसंच. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं हे वैयक्तिक काम असल्याचं सांगून मुलांना उठवल्याच्या तक्रारी आमच्याकडे आल्या आहेत. अहो, त्याच शिष्यवृत्तीतून कॉलेजची फी भरली जाते.

2016 ची हैदराबादची घटना विसरू नका. रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना वर्गात आणि ग्रंथालयात जायची मुभा होती, पण वसतिगृह, प्रशासकीय इमारत आणि समूहाने सामाईक जागा वापरायला बंदी होती. गावकुसाबाहेर ठेवण्याचा जुनाच नियम, भाषा तेवढी कार्यालयीन.

मग कक्षात बसल्यावर करायचं काय? वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आता फुकट उतरवून घेता येतात. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध आहेत. एमएच्या वेळी आम्हाला एका प्रबंधासाठी परगावी जावं लागलं होतं, तोच आज बसल्या जागी वाचता येतो. आपल्या कॉलेजकडे 'एन-लिस्ट'ची वर्गणी असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागा, बहुतेकांना ते असतं हेच ठाऊक नसतं. मराठी टंकताना युनिकोडच वापरा. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हं होऊन बसतो आणि आपली कितीतरी पत्रकं, स्मरणिका तशाच वाया गेल्या आहेत. उठताना प्रत्येक खात्यातून बाहेर पडा, ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू देऊ नका, आधार आणि जातीच्या दाखल्याची स्कॅन प्रत डाउनलोडमधून पुसून टाका.

बाकी लढाई कागदाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या नियमावलीने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं होतं. आपल्या संस्थेत ते कोण आहेत हे आधी शोधा. मग एकाच अर्जात चार गोष्टी मागा : नियम मराठीत लावावेत, कक्षाची वेळ शेवटच्या गाडीचा विचार करून ठरवावी, शिष्यवृत्तीचा अर्ज शैक्षणिक काम धरावा, आणि नियम ठरवणाऱ्या समितीत वसतिगृहातला एक विद्यार्थी घ्यावा. अर्जावर दहा-वीस सह्या असू द्या. आवक विभागात शिक्का मारून पोच घ्या आणि तिची एक प्रत आपल्या फाइलला लावा.