पोपट, पिंजरा आणि कॅमेरा



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत पोपटांच्या छायाचित्रांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे निम्मे आयुष्य शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर नि कारखान्यांच्या फाटकांशी गेले. त्या वाटांवर माघ-फाल्गुनात सावर, पांगारा आणि पळस फुलतात, आणि पोपटांचे थवे त्यांवर उतरतात. सभा उधळली तरी पोपट पाहून घरी गेलो, असे कितीदा तरी झाले आहे.

पोपट म्हणजे एकच पक्षी नव्हे. गळ्यात गुलाबी कंठी असलेला नेहमीचा कीर. खांद्यावर तांबडा डाग असलेला थोरला. आणि सर्वांत देखणा तो जांभळट लाल डोक्याचा लहान पोपट. त्याच्या मादीचे डोके राखी असते. पळसावर बसला की तो फूल खुडतो, बुडाशी चावून मध घेतो आणि फूल टाकून देतो. झाडाखाली सडा पडतो. असा उधळ्या जीव दुसरा नाही.

या लहान पोपटाची कीर्ती फार जुनी. इराणच्या दरबारी असलेला ग्रीक वैद्य टेसियस याने इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षे हिंदुस्थानातल्या एका तांबड्या तोंडाच्या बोलक्या पक्ष्याचे वर्णन लिहून ठेवले. तो हाच असावा असे पुष्कळ अभ्यासक मानतात. टेसियस स्वतः इकडे कधी आला नव्हता. म्हणजे त्याला सांगणारा कोणी तरी होता. त्याचे नाव इतिहासात नाही.

मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी गोळी घालून पाडायचा आणि कातडे भरून ठेवायचे. कातड्याला चिठ्ठी बांधत. तिच्यावर जात, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असे. झाड दाखविणाऱ्या ठाकराचे वा कातकऱ्याचे नाव त्या चिठ्ठीवर सहसा नसे. १८७८ च्या जंगल कायद्याने त्याच माणसाचा रानावरचा हक्क आधीच आवळला होता. रानाची ओळख मात्र त्याच्याचपाशी राहिली.

बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तो हळूहळू. इंग्लंडात कीर्टन बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर केवळ छायाचित्रांनी सजविलेले पुस्तक काढले. पुढे पक्ष्यांजवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाचे पोकळ सोंग केले आणि आत कॅमेरा घेऊन बसले! ही गोष्ट आम्ही मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "भाऊ, खरा बैल स्वस्त पडला असता."

आपल्याकडे सलीम अली यांचे पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. त्यातली रंगीत पाने चित्रकाराच्या हातची होती. पुढच्याच वर्षी सिंगापुरातून युद्धामुळे परागंदा झालेले लोक वान थो मुंबईत आले आणि सलीम अलींबरोबर हिंडून त्यांनी पक्ष्यांची उत्तम छायाचित्रे घेतली. पण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर आमच्या लाल डोक्याच्या नराचे हालच! त्याचे डोके राखी उतरते आणि तो जवळजवळ आपल्या बायकोसारखा दिसू लागतो.

या सगळ्या काळात पिंजरा होताच. आमच्या लहानपणी कल्याणच्या चाळीत आमच्याही घरी एक होता. ढोलीतून काढलेले पिल्लू पाटीत घेऊन एक माणूस दारावर येई. भाव दलालाचा, चढण्याचा धोका त्याचा, आणि हौस आमची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापारच बंद झाला. कायदा योग्यच झाला. परंतु आम्ही जे पाहिले त्यात दलाल निसटे आणि पाटीवाला सापडे, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या कसारा लोकलने लांब भिंगांचे कॅमेरे येतात. तानशाच्या तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्या पाण्याच्या वाटेनेच आता मुंबई उलटी येऊ लागली म्हणायची. आमचे एक स्नेही त्यांतलेच. त्यांच्याबरोबर आम्ही आटगावच्या पुढे एका पाड्याशी गेलो. पाड्यावरच्या एका ठाकर गृहस्थाने आदल्या दिवशी फांद्यांचा आडोसा बांधून ठेवला होता, आणि उन्हे कोणत्या अंगाने येतील हेही धरले होते. साडेसातला थवा आला. स्नेह्यांनी पडद्यावर चित्र दाखवून विचारले, "हा राखी डोक्याचा वेगळाच दिसतो?" गृहस्थ म्हणाले, "बाई हाय ती."

चित्र प्रदर्शनात लागायचे ठरले. खाली पक्ष्याचे नाव, गाव आणि भिंगाचा आकडासुद्धा होता. आम्ही हट्ट धरला की वाटाड्याचे नावही पाहिजे. स्नेही तत्काळ कबूल झाले. आम्ही मोठ्या उत्साहाने पाड्यावर सांगायला गेलो. गृहस्थ बराच वेळ गप्प बसले.

"नाव नको, भाऊ," ते म्हणाले. "उद्या कुणी पिल्लं काढली, तर नाव वाचून आधी माझ्या दारात येतील. त्यापरीस आडोसा बांधायचा रोज येगळा द्या. तुमी येता एक सकाळ. माजे दोन दिवस मोडतात."

दोन दिवसांचा रोज ठरला. प्रदर्शनातल्या चित्राखाली भिंगाचा आकडा तेवढा राहिला.