अडथळा नसलेला अडथळा

पोट टम्म फुगलंय, शौचाला होत नाही, एक्स-रेत मोठं आतडं ताणलेलं दिसतंय. कुणीही म्हणेल, आतडं अडलंय, पोट उघडा. १९४८ साली ब्रिटिश सर्जन सर हेनेज ऑगिल्वी यांनी अशा दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पोट उघडलं, तर आतड्यात अडथळाच नाही! कर्करोग होता, पण तो कण्यापुढच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात शिरलेला. म्हणजे वाट मोकळी, पण आतड्याला हलवणारा हुकूमच बिघडलेला.

पुढे लक्षात आलं, की मोठी शस्त्रक्रिया, रक्तातलं पोटॅशियम घटणं, अफूवर्गीय वेदनाशामकं यांनीही असं होतं. मग आधी कारण दूर करायचं, तोंडाने काही द्यायचं नाही, नळीने हवा काढायची. तरीही आतडं हललं नाही तर?

१९९९ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत ११ जणांना निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं. १० जणांना उतार पडला, बहुतेकांना काही मिनिटांतच. नुसतं सलाईन दिलेल्या १० जणांपैकी एकालाही नाही. मात्र या औषधाने नाडी मंदावते, म्हणून ते ईसीजीवर नजर ठेवूनच द्यायचं.

आणि खरा अडथळा नाही, याची खात्री स्कॅनने आधी करायची. ती न करता पोट उघडणं चूक. पण नुसतं वाट पाहत बसलात, तर ताणलेलं आतडं फुटू शकतं.